एकोणीस नंबरच्या गल्लीचं बटण

आमच्या धाकटीबद्दल लिहायचं तर माझं पोट दुखतं हे आधीच कबूल करून टाकलेलं बरं. गेली वीस वर्षं दुखतंय. धाकटी म्हणजे माझी जाऊ, माझ्या दिराची बायको. आम्ही एकाच इमारतीत राहतो, मी तिसऱ्या मजल्यावर आणि ती तळमजल्यावर. तिच्या पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीला लागून शिलाई मशीन आहे. गळ्यात टेप, कानामागे खडू, तोंडात दोन टाचण्या, आणि तरी बोलणं चालूच. पँटची कंबर कमी करायची, कोटाचं अस्तर बदलायचं, बाह्या आखूड करायच्या, चेन बसवायची, एवढाच तिचा धंदा. नवा कपडा ती शिवत नाही. म्हणते, "नवं शिवणारे ढिगाने आहेत, जुनं अंगाला बसवून देणारे कमी." ती असं काहीतरी बोलते आणि लोक माना डोलावतात. तेच मी बोलले असते तर लोकांनी घड्याळाकडे पाहिलं असतं.

मी कोण, तर एकतीस वर्षं सांख्यिकी कचेरीत कारकून. शहरातल्या कुठल्या गल्लीत किती माणसं, कुठल्या वयाची, किती जणांना ऐकू येत नाही, किती जण आधाराशिवाय घराबाहेर पडू शकत नाहीत, हे सगळं आमच्या तळघरातल्या कपाटांत होतं आणि कपाटांची किल्ली माझ्याकडे. कुणाला माहिती हवी असली की माझ्या खिडकीशी यायचं. मी म्हणायची, "अर्ज करा. तीन प्रती. तीन आठवड्यांनी या." बहुतेक लोक पुन्हा फिरकायचे नाहीत. खोटं कशाला बोलू, त्या खिडकीत बसून मला बरं वाटायचं.

मी निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी सरकारने ती सगळी माहिती लोकांना खुली केली. अर्ज नको, प्रती नकोत, किल्ली नको. वाचनालयातल्या संगणकासमोर बसायचं आणि हवी ती गल्ली बघायची. पेपरात वाचलं तेव्हा मी हसले होते. आकड्यांची पानं उघडून बसायला कुणाला वेड लागलंय, असं मी नवऱ्याला म्हणाले. ते वेड लागलं नेमकं आमच्या धाकटीला.

त्याचं झालं असं. तिच्याकडे एका निवृत्त पोस्टमनची पँट आली, कंबर चार इंच कमी करायला. आणणारी शेजारीण होती. धाकटीने विचारलं, "माप घ्यायचं तर माणूस कुठाय?" शेजारीण म्हणाली, "ते आता खाली उतरत नाहीत." मग एका आजींचा कोट आला, तोही दुसऱ्याच कुणाच्या हातून. त्या थंडीत असे नऊ कपडे आले. तिने आपल्या मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं, 'कपडे येतात, माणसं येत नाहीत.' आणि वही घेऊन सरळ वाचनालयात गेली. ग्रंथपाल बाईंना म्हणाली, "असे लोक आपल्या भागात एकूण किती आहेत, हे कुठे लिहिलेलं असतं?"

ग्रंथपाल बाईंनी संगणकावर तक्ता उघडून दिला. आता आमचे ते तक्ते वाचायला मला कचेरीत सहा महिने शिकवलं होतं. धाकटीला आठवडा लागला. मला म्हणते, "ताई, हे तर मापाच्या वहीसारखंच आहे. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक गिऱ्हाईक, आणि उभा रकाना म्हणजे छाती, कंबर, उंची." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या आयुष्यभराच्या कामाची तिने पँट करून टाकली होती.

तेवढ्यात नगरपालिकेने जाहीर केलं की आमच्या भागाला दोन नर्स आणि एक गाडी मिळणार. घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना दर आठवड्याला घरी येऊन तपासायचं, मलमपट्टी करायची, औषधं द्यायची. अट एकच. कुठल्या गल्ल्यांत जायचं त्याची यादी रहिवाशांच्या समितीने करून द्यायची. यादीत जी गल्ली नाही तिथे वर्षभर कुणी फिरकणार नाही. समितीत ग्रंथपाल बाई, एक वायरमन, आणि एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना माइक दिला की परत घेता येत नाही. एरवी अशी यादी कशी व्हायची? ज्याचा आवाज मोठा त्याची गल्ली वर. धाकटी त्यांच्या बैठकीत जाऊन म्हणाली, "आकडे आता आपल्याला बघता येतात ना? मग भांडायचं कशाला? बघून ठरवू."

आणि तिने नकाशा केला. कागदाचा नव्हे, कापडाचा. उरलेल्या चिंध्यांमधून तेवीस तुकडे कापले, प्रत्येक गल्लीचा एक, आणि ते चादरीएवढ्या कापडावर जागच्या जागी जोडले. घराबाहेर पडू न शकणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक बटण. ज्या गल्लीत एकतीस माणसं तिथे एकतीस बटणं. लहान पोरालाही लांबून कळावं, दाटी कुठे आहे ते. बटणं गोळा करायला ती दारोदार फिरली आणि लोकांनी डबेच्या डबे दिले. माझ्याकडेही आली. "ताई, तुमच्याकडे बिस्किटांचा डबा भरून बटणं होती ना?"

"टाकून दिली," मी म्हणाले. डबा माझ्या पलंगाखाली होता, झाकण लागत नाही इतका भरलेला.

जाताना तिने छापून आणलेला तक्ता माझ्या हातात दिला. "तुम्ही यातल्या आहात. एकदा नजर घाला. काही रकाने रिकामे आहेत, मला जरा धाकधूक वाटते."

"ठेवून जा," मी म्हणाले.

ती गेल्यावर चष्मा लावून बसले. दोन मिनिटांत कळलं. तेवीस गल्ल्यांपैकी दोन ठिकाणी शून्य छापलेलं होतं. एक गोदामांची गल्ली आणि एक बाजाराच्या मागची, तिथे राहतंच कोण? आणि सात रकाने रिकामे. धाकटी रिकाम्यालाही शून्यच समजत होती. पण शून्य असतं तिथे आम्ही शून्य लिहितो. रिकामा रकाना म्हणजे तिथे माणूस आहे, एक ते चारांपैकी कितीही, पण आकडा द्यायचा नाही. नियमच तसा. एखाद्या गल्लीत असे दोनच जण असले आणि आकडा छापला, की ते दोघं कोण हे सगळ्यांना कळतं, आणि कुठल्या घरात दाराशी उठून येणारं कुणी नाही हे चोरालाही कळतं. म्हणून पाचापेक्षा कमी असले की रकाना रिकामा. पूर्वी छापील पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तशी टीप असायची. दोन ओळींची. ती मी लिहिलेली होती. एकतीस वर्षांत माझ्या हातचं छापून आलेलं तेवढंच, आणि माहिती संगणकावर चढवताना नेमकं तेच कुणीतरी गाळलं होतं.

तीन जिने उतरून हे सांगायला पाच मिनिटं लागली असती. मी उतरले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरले, तक्ता तिच्या मशीनवर ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे."

"नीट बघितलंत ना?"

"एकतीस वर्षं हेच बघितलंय."

"मग सुटले बाई मी," ती म्हणाली आणि तिने माझ्यासाठी चहा टाकला. मी तो प्यायलेही. मला ती तोंडघशी पडलेली बघायची होती. एकांतात नाही, सगळ्यांसमोर. सगळी बटणं शिवून होऊ देत, लोक वाहवा करू देत, मग मी एक बोट ठेवीन आणि सगळं उसवेल. दोन महिने मी हे मनात घोळवत होते आणि त्या दोन महिन्यांत मला झोप छान लागली, हेही सांगून टाकते.

नकाशा वाचनालयाच्या भिंतीवर लागला. लोक मुद्दाम बघायला येऊ लागले. माझा नवरा एकतीस वर्षांत माझ्या कचेरीत एकदाच आला होता, विसरलेली छत्री न्यायला. तो हा नकाशा बघायला तीनदा गेला, आणि तिसऱ्यांदा मित्रांना घेऊन. जेवताना म्हणाला, "अगं, काय डोकं आहे तिचं! आणि शिक्षण बघ." त्या दिवशी जेवणात मीठ दुप्पट पडलं होतं. मुद्दाम नव्हे, पण मला वाईटही वाटलं नाही.

यादी मंजूर करायची सभा रविवारी दुपारी होती. वाचनालयाच्या सभागृहात चाळीसेक माणसं, आणि यादी घ्यायला आलेले नगरपालिकेचे अधिकारी. धाकटी चार वाक्यं बोलली आणि बसली. मुख्याध्यापक वीस मिनिटं बोलले. शेवटी ते म्हणाले, "सोळा गल्... नव्हे, चौदा गल्ल्यांची ही यादी मंजूर समजायची का?" तेव्हा मी उठले. काय बोलायचं ते आरशासमोर पाठ केलं होतं. नकाशाजवळ गेले आणि एकोणीस नंबरच्या गल्लीवर बोट ठेवलं. जुन्या कोटाच्या करड्या कापडाचा तुकडा, एकही बटण नसलेला. बोटाखाली सुईची चार बारीक भोकं लागली. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"इथे बटण का नाही?" मी विचारलं.

"तो रकाना रिकामा आहे, ताई," धाकटी म्हणाली.

"म्हणजे तिथे कुणीच नाही?"

"आकड्यांत नाही."

"आणि खरोखर?"

तिने गळ्यातला टेप उगाचच सारखा केला. "खरोखर तिथे माझी आई आहे."

मी बोट मागे घेतलं. तिच्या आईचे गुडघे गेलेत हे मला माहीत होतं. तिचा भाऊ शहर सोडून गेल्यावर आई आमच्याच भागात कुठेतरी खोली घेऊन राहते, हेही कानावर आलं होतं. कुठल्या गल्लीत, ते मी कधी विचारलं नाही. तिच्या माहेरचं मी काहीच विचारत नसे. तिला चार शब्द कौतुकाने बोलायची संधी कशाला द्या?

वायरमन म्हणाला, "अहो, मग बटण लावायचं की! तुमच्याच हातात सुई होती."

"कसं लावू?" धाकटी म्हणाली. "आकड्यांत नाही म्हणजे मोजणीवाला आला तेव्हा आईने सांगितलं असणार, मी ठणठणीत आहे म्हणून. परकं माणूस आलं की ती भिंतीला धरून उभी राहते, तशीच आहे ती. पण मी आईसाठी एक बटण घुसवलं तर उद्या प्रत्येकजण आपलं आपलं बटण घेऊन येईल. मग आपण आकडे बघितलेच कशाला?"

पाठ केलेलं वाक्य मी बोललेच नाही. 'ज्याला कळत नाही त्याने यात पडू नये' असं काहीतरी होतं ते. त्याऐवजी मी नियम सांगायला लागले. रिकामा रकाना म्हणजे काय, का ठेवतात, शून्य कुठे लिहितात. बोलता बोलता आवाजाला खिडकीतली धार आली. चाळीस माणसं ऐकत होती, अधिकारी लिहून घेत होते, आणि मला रंग चढला. "आमच्या कचेरीत," मी म्हणाले, "अशा प्रत्येक रिकाम्या रकान्याशेजारी मी लाल पेन्सिलीने बारीक टिंब देत असे, म्हणजे घाईत कुणी शून्य समजू नये. हात इतका बसलाय की झोपेतसुद्धा देईन!" लोक हसले.

अधिकारी म्हणाले, सातही गल्ल्या यादीत घालू, आत किती माणसं आहेत ते समितीने घरोघर जाऊन, त्यांची परवानगी घेऊन बघावं. ग्रंथपाल बाईंनी मला कौतुकाने विचारलं, "तुमच्या हे लक्षात कधी आलं?"

"आत्ताच," मी म्हणाले. "इथे नकाशासमोर उभी राहिले तेव्हा."

टाळ्या पडल्या. पहिली टाळी धाकटीची होती. "ताई होत्या म्हणून!" ती सगळ्यांना सांगत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. माझा नवरा मागे वळून वळून बघत होता, ही कुणाची बायको ते सगळ्यांना कळलंय ना म्हणून. वीस वर्षं मला हेच हवं होतं. आणि दुसऱ्याच्या मापाचा कोट घातल्यासारखी मी त्या टाळ्यांत उभी होते, कुठे आवळत होतं ते सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी जिन्याशी तिने हाक मारली, "ताई, जरा आत या." मशीनवर तो तक्ता उलगडून ठेवला होता. दोन महिन्यांपूर्वी मी परत दिलेला. तिने त्यावर बोट ठेवलं, मग दुसरीकडे, मग तिसरीकडे. सात रिकामे रकाने आणि सातांच्या शेजारी सात लाल टिंबं, सगळी एका आकाराची.

ती कधी दिली ते मला आठवत नव्हतं. पेन्सिल हातात होती एवढंच आठवत होतं.

"मला वाटलं, तुम्ही तपासल्याची खूण असेल," ती म्हणाली. "दोन महिने मी ही टिंबं बघत होते."

ती भांडेल असं वाटलं आणि मी तयारही झाले होते. उलटून बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. पण तिने आवाज चढवला नाही. तक्त्याची घडी घालत म्हणाली, "आईचं बटण मी लावलं होतं, ताई. सगळ्यांत आधी तेच लावलं होतं. मग तुम्ही बरोबर आहे म्हणालात, म्हणून उसवलं."

ती चार भोकं मला तेव्हा आठवली.

मग ती म्हणाली, "उद्या सात गल्ल्या फिरायच्या आहेत. बटणं कमी पडतील." मी उठले. तीन जिने चढले, पलंगाखालून डबा ओढला, तीन जिने उतरले आणि डबा मशीनवर ठेवला. झाकण नीट बसत नव्हतं. टाकून दिलेला डबा तिने ओळखला, पण त्याबद्दलही काही विचारलं नाही. आतलं एक काळं, चार भोकांचं बटण निवडलं आणि सुई हातात घेतली.

सात गल्ल्यांत मिळून अकरा माणसं निघाली. एकोणीस नंबरमध्ये दोन, तिची आई आणि वरच्या मजल्यावरचा एक जुना घड्याळजी, ज्याची गेल्या चार महिन्यांत कुणी विचारपूसही केली नव्हती. नर्स तिथे गुरुवारी जाते. मला आता लोक रस्त्यात थांबवून नमस्कार करतात. धाकटीने कुणालाच काही सांगितलेलं नाही. माझ्या दिरालाही नाही, कारण तो अजून माझ्याशी पहिल्यासारखाच बोलतो. तिने सांगायला हवं होतं. चारचौघांत माझा पाणउतारा केला असता तर मला निदान तिच्यावर चिडता तरी आलं असतं. तेवढंही तिने माझ्यासाठी ठेवलं नाही. माझं पोट अजून दुखतंच, आता जरा वेगळ्या जागी.

परवा एकोणीस नंबरमधून जात होते. तिची आई खिडकीत बसली होती. तिने हाक मारून थांबवलं आणि खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला. म्हणाली, "लेकीने सांगितलं मला सगळं. म्हणाली, आई, तुझं बटण थोरल्या जाऊबाईंनी लावून घेतलं. खरं ना?"

मी हो म्हणाले.